बाबांच्या वतीने दिलेलं उत्तर

बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा मी खराडीला ऑफिसात होते. शेजारच्या काकूंनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. मी कोथरूडला पोचेपर्यंत अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलाही होता. आईला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मी एकुलती एक. त्यामुळे डॉक्टर जे काही विचारणार, ते मलाच.

बाबांच्या पलंगाशी उभे राहून डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅस्पिरिन तर राहीलच. त्याच्या जोडीला रक्त पातळ करणारी आणखी एक गोळी वर्षभर लागेल. त्यात दोन पर्याय आहेत. एक जुनी, दिवसातून एकदा घ्यायची. दुसरी नवी, दोनदा घ्यायची, जास्त जोरकस. नवीने स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती कमी होते, पण रक्तस्रावाची वाढते. म्हणून विचारतो, यांना पूर्वी कधी अल्सर, पोटातून रक्त जाणं, असं काही?"

"छे, काही नाही," मी म्हणाले. "जी जास्त चांगली असेल तीच द्या."

बाबा डोळे मिटून पडले होते. हात लावून विचारता आलं असतं. पण मला त्या क्षणी सगळं माहीत असलेली मुलगी दिसायचं होतं.

आठवडाभर त्यांच्याकडे राहून मी घरी परतले. मग फोन सुरू झाले. "थकवा वाटतो जरा," ते म्हणाले. "अटॅक येऊन गेलाय बाबा, वाटणारच." दोन दिवसांनी म्हणाले, "दात घासताना रक्त येतं." मी मीटिंगला निघाले होते. "ब्रश बदलून बघा," म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही.

रविवारी गेले तर चहा टाकायला म्हणून ते उठले आणि ओटा धरून तसेच खाली बसले. चेहरा पांढराफटक. पुन्हा तेच हॉस्पिटल, तेच डॉक्टर.

"शौचाला काळं होतं का?"

"आठ-दहा दिवस झाले," बाबा म्हणाले.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. दुर्बिणीतून पोट तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "अल्सर आहे. शेजारी जुना व्रणही दिसतोय. हे पूर्वी कधीतरी झालेलं आहे."

तेव्हा कुठे मला आठवलं. गुडघ्यांसाठी बाबा वेदनाशामक गोळ्या खायचे आणि एकदा त्यांना रक्ताची उलटी झाली होती. तीन दिवस अ‍ॅडमिट होते. आईचा फोन आला तेव्हा मी बंगळूरला होते, काम अंगावर होतं. "यायलाच हवं का गं?" असं मी तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली आणि मला सुटल्यासारखं झालं. गेलेच नाही, म्हणून माझ्यापुरतं ते आजारपण घडलंच नव्हतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "आधी कळलं असतं तर जुनीच गोळी दिली असती," एवढंच बोलून त्यांनी कागदावर बदल केला. मी ओरडा खायच्या तयारीने गेले होते. तो न मिळाल्याने जास्त ओशाळले.

मग बाबांना सांगितलं, की त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं.

"ऐकलं होतं की मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या खात्रीने सांगितलंस. म्हटलं, शिकलेली मुलगी, चारचौघांत खोटी कशाला पाडा."

नेहमीच्याच कोरड्या सुरात म्हणाले. एरवी मी हसले असते.

आता त्यांना जुनी गोळी चालू आहे, सोबत पित्ताची. रक्त भरून आलं, रंग परतला. परवा बसने मंडईत जाऊन वांगी घेऊन आले आणि भाव ऐकून भाजीवाल्याला काय सुनावलं ते मला रंगवून सांगत होते. मी ऐकत होते, पण डोळे त्यांच्या छातीवर फिरणाऱ्या हाताकडे होते. स्टेंट सांभाळायला ही गोळी थोडी कमी पडते, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

"काय बघतेस? घाम पुसतोय," बाबा म्हणाले.