बाकी ठीक?

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, क्लासच्या रस्त्यावर, एक म्हातारा स्कूटर मेकॅनिक बसतो. त्याच्या एका वाक्यानं माझं डोकं उठायचं. काहीही सांगा, पाना फिरवत फिरवत विचारणार, "बाकी ठीक हाय ना?" ब्रेक गेला म्हटलं तरी तेच, माझा भाऊ गेला तेव्हाही तेच. भाऊ गेल्यावर बाकी काय डोंबल ठीक असणार?

यंदा मुलीचा मेडिकलला दुसऱ्यांदाही नंबर लागला नाही. निकालापासून ती घरात कुणाशी बोलत नव्हती. तिची स्कूटी पंक्चर झाली म्हणून आम्ही दोघं ती ढकलत त्याच्याकडे गेलो. त्यानं निकाल विचारला, मी सांगितला आणि दात आवळले. आता ते वाक्य येणार.

आलंच. पण या वेळी पाना खाली ठेवून तो तिच्याकडं बघत थांबला. "बाकी ठीक हाय ना, बेटा?"

स्कूटीचं हँडल सोडून ती म्हणाली, "जेवण जात नाही, काका. झोपही नाही."

"मंग हे सांगायचं की! भूकंपानंतर गावोगाव लई फिरलो मी, हेच विचारत. पडलेलं घर तर दिसतंयच. बाकीचं विचारावं लागतंय."

त्यानं समोरच्या टपरीवरून चुरमुऱ्यांचा गरम सुशीला मागवला. तिनं प्लेट संपवली, हात पुसला आणि विचारलं, "तुमचं, काका? बाकी ठीक?"

इतक्या वर्षांत मी हे कधी उलट विचारलं नव्हतं. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे आले तिथं बोट ठेवलं.

"आता हाय," म्हणाला.