मागे सरा, काका

आयुष्यभर मी निजामपुऱ्यात लूमवरचं कापड तपासलं. ताका डोळ्यांजवळ धरायचा आणि तुटलेला धागा शोधायचा, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे भिवंडीत चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मी पहिल्याच चित्राला जवळजवळ नाक लावलं. रंगाखालचं कापड घट्ट विणलेलं होतं. मनातल्या मनात मी माल पासही करून टाकला.

"काका, मागे सरा!" खुर्चीवरचा वॉचमन ओरडला.

मला रागच आला. कापड कसं बघायचं, ते मला हा शिकवणार? तरी पुटपुटत मागे सरलो, थेट समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत. आणि मघाचे ते निळे-करडे फराटे एकदम खाडी झाले. ओहोटी लागलेली, चिखलात एक होडी कललेली, लहानपणी अंजूरला बघायचो तशी. डोळे भरून आले माझे.

वॉचमनचे आभार मानायला गेलो, तर तो म्हणाला, "मी कुठं बघितलंय? माझी ड्युटी माणसांवर नजर ठेवायची. चित्रांकडे माझी पाठच असते."

मी त्याला हाताला धरून त्या भिंतीपाशी नेलं आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"माणसांकडे मी बघतो," म्हटलं. "तुम्ही खाडी बघा."