राखाड्याबद्दल किती सांगायचं

“एवढं तरी सांगायला हवं होतंस, ताई! तलवार मारली की राखाड्याचे दोन होतात, ही काय लपवून ठेवायची गोष्ट आहे?”

मार्तंडने हातातल्या कवड्या फरशीवर आपटल्या. एक घरंगळत कूलरखाली गेली.

“लपवलं नाही. तू विचारलं नाहीस,” यमुताई म्हणाल्या.

“काय विचारायचं? मला काय स्वप्न पडणार होतं?”

“गावात शिरलास तेव्हा एकाही घरात विळा-कोयता दिसला नाही, असं मी सांगितलं. बाया भाजी हातानं तोडत होत्या, हेही सांगितलं. चारूनं तुला थांबवलं. तू म्हणालास, बायकांचं काय ऐकायचं, आणि तलवार काढलीस.”

“म्हणून माझा सरदार मारायचा?”

मार्तंड सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता, आणि पन्नाशीच्या या गृहस्थाचे डोळे खरोखरच रागानं लाल झाले होते. त्याचा सरदार गेले कितीतरी उन्हाळे जिवंत होता. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. जेवणं झाली की दारं लावून, कूलरच्या गारव्यात फरशीवर खडूनं नकाशा काढायचा आणि राक्षसाचा खेळ मांडायचा, हा या घराचा शिरस्ता. खेळ यमुताईंनी रचलेला. त्या मार्तंडच्या थोरल्या बहीण, मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. बाकीचे सगळे शूर लोक व्हायचे. मार्तंड सरदार, त्याची मुलगी चारुशीला वैदीण, शेजारचे महादेवराव पैलवान. गाव, जंगल, विहिरी आणि राक्षस, या वेळचा हा राखाड्या, एकट्या यमुताईंच्या डोक्यात. कोण काय करणार ते आपापलं सांगायचं, कवड्या टाकायच्या, आणि पुढं काय झालं ते यमुताई सांगणार.

हे जमायला त्यांना वेळ लागला होता. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी राक्षसाचं सगळं आधीच सांगून टाकलं, तर चार कवड्यांत त्याला मारून मंडळी झोपायला गेली. पुढच्या वर्षी काहीच सांगितलं नाही. तेव्हा सगळे पटापट मेले आणि दोन दिवस कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. मग त्यांनी आपली रीत ठरवली. जीव घेणारी गोष्ट असेल तर तिची खूण आधी द्यायची, चुकायचं नाही. मात्र खूण ओळखायची ज्याची त्यानं. विचारलं तर खरं सांगायचं. पण कुणाला विचारायचं हे आपण सुचवायचं नाही.

“हे बघ ताई,” मार्तंड म्हणाला, “उद्यापासून नियम बदल. राक्षसाची सगळी माहिती कागदावर लिहून भिंतीवर लाव. ताकद किती, कशानं मरतो, कशानं वाढतो. मग खेळू. आंधळेपणानं कोणी लढायला जातं का?”

“मग तो राक्षस राहत नाही, बाबा. गणित होतं,” चारुशीला म्हणाली.

“तू गप्प बस. तुझी वैदीण जिवंत आहे म्हणून सुचतंय.”

शोभानं पन्ह्याचे पेले आणून ठेवले. ती मार्तंडची बायको. खेळत नसे, पण हरणाऱ्याची बाजू घ्यायची तिला सवय होती. “वन्सं, सांगितलं असतं थोडं तर काय बिघडलं असतं? घरातल्या घरात कशाला इतकी गुप्तता?”

महादेवराव मघापासून गालात हसत होते. उमरेडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसातून ते नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी पन्ह्याचा घोट घेतला आणि मार्तंडच्या मांडीवर थाप मारली.

“आता राहू द्या गा, मार्तंडराव. राक्षसाचं सारं आधी पायजे, अन् भिवापूरच्या त्या पोराचं पोरीले काही सांगाचं नाही, हे काय होय?”

कोणी हसलं नाही. महादेवरावांच्या हातातला पेला तसाच राहिला.

“भिवापूरचं काय?” चारुशीलानं विचारलं.

येत्या रविवारी तिचा साखरपुडा होता. मुलगा भिवापूरचा, मिरचीचा मोठा व्यापार. शालू आणून झाला होता.

“काही नाही,” मार्तंड म्हणाला. “कवड्या उचला. मी नवा सरदार घेतो.”

“काकांनी काय म्हटलं?”

“मले वाटलं, आतालोक सांगून झालं असन,” महादेवराव पुटपुटले.

यमुताईंनी खडू खाली ठेवला. “मार्तंडा, बोल.”

शेवटी शोभाच बोलली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, भराभर, भाजीचा भाव सांगावा तशी. “पहिलं लग्न झालं होतं त्याचं. मोडलं. कोर्टात रीतसर सोडचिठ्ठी झालीय. मुलगी उमरेडची. माहेरी आली ती परत गेलीच नाही. एवढंच.”

“का नाही गेली?”

“ते आपल्याला काय करायचंय?” मार्तंड उसळला. “लोकांच्या घरच्या भानगडी! आधी सांगितलं की मुली घाबरतात. लग्न झालं की सांभाळून घेतात.”

यमुताईंनी मार्तंडकडे रोखून पाहिलं.

हे वाक्य मार्तंडचं नव्हतं. त्यांच्या वडिलांचं होतं. यमुताईंचं लग्न झालं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याचं आर्वीला दुसरं घर होतं, त्या घरात दोन मुलं होती. वडिलांना माहीत होतं. आईला माहीत होतं. लग्नाला आलेल्या मामांनासुद्धा माहीत होतं. यमुताईंना ते सासरच्या मोलकरणीनं सांगितलं, चूल सारवता सारवता. त्या दीड वर्षात माहेरी परत आल्या, ट्रेनिंग केलं, नोकरी धरली. वडिलांनी त्यांना घरात घेतलं, पण सांगितलं का नाही, याला उत्तर म्हणून हेच वाक्य दिलं. तेव्हा मार्तंड पंधरा वर्षांचा होता. तो दारातच उभा होता.

“तुला एवढं नीट पाठ आहे तर,” यमुताई म्हणाल्या.

“ताई, तू ते इथं आणू नकोस.”

“मी कुठं आणलं? तू आणलंस. राखाड्या नाहीच आहे, मार्तंडा. मी काल दळण निवडताना रचलं त्याला. त्यानं तुझा सरदार मारला तर कुणाच्या घरात सुतक नाही. तरी त्याची एकूण एक गोष्ट तुला आधी हवी. आणि ही पोरगी जन्माची जाणार, तर तिला एक खूणसुद्धा द्यायची नाही? मी तुझ्या सरदाराला दोन दिल्या!”

“मुलगा चांगला आहे. मी चौकशी केली आहे.”

“चौकशी केलीस म्हणूनच लपवलंस. काही नसतं तर सांगितलं असतंस.”

शोभा रडायला लागली. “आमंत्रणं गेली हो वन्सं. अमरावतीची माणसं शनिवारी येणार. आता मागं घ्यायचं म्हणजे लोक आमच्या मुलीतच खोट काढतील.”

चारुशीला उठून उभी राहिली होती. खडूचा नकाशा तिच्या पायाखाली पुसला जात होता. ती रडत नव्हती. आवाज मात्र चढला होता. “तुम्हाला दोघांना माहीत होतं. काकांना माहीत होतं. मी त्या दिवशी त्याच्यासमोर पोह्यांची बशी घेऊन गेले, तेव्हा तुम्ही सगळे मला पाहत होता! मला त्या बाईला भेटायचंय.”

“डोकं फिरलंय का तुझं?” मार्तंड ओरडला. “काय विचारणार तिला?”

“का आलीस, एवढंच.”

“ती खरं सांगेल कशावरून? दुखावलेली बाई. नाही नाही ते बोलेल.”

“बोलू दे. ऐकून मग ठरवीन.”

“काही ठरवायचं नाहीये तुला! ठरलंय!”

“घर मले मालूम आहे, यमुताई,” महादेवराव खाली मान घालून म्हणाले. “बाजाराच्या मागं. बाप मास्तर होता तिचा.”

“महादेवराव, तुम्ही यात पडू नका!”

“पडलोच आहो गा मी आता.”

यमुताई उठल्या. गुडघा दुखत होता, म्हणून भिंतीला हात टेकून उठल्या. मार्तंडकडे पाहिलं नाही, शोभाकडेही नाही. समोरच्या बंद दाराकडं बघत, शाळेतली सूचना वाचून दाखवावी तशा सरळ आवाजात त्या म्हणाल्या,

“उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी आणि चारू उमरेडला जातो आहोत. महादेवराव बरोबर येतील. तोपर्यंत भिवापूरला कोणी चिठ्ठी, निरोप काही पाठवायचा नाही. रविवारी साखरपुडा होणार की नाही, ते चारू परत आल्यावर सांगेल.”