काकींची झोप आणि हलणारं मशीन

वॉशिंग मशीन दुरुस्त करता करता दुकानात जुने सुटे भाग साचतात. ते भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचतच राहतात! माझं दुकान डहाणूत, पण निम्मा दिवस बाईकवर. मशीनं सगळीकडे सारखीच, माणसं मात्र एकेक नमुना.

*

नरपडच्या विजूभाऊंचा फोन आला, "सुरेशभाई, मशीनमधलं पाणीच जात नाही हो."

विजूभाऊंची चिकूची वाडी. जाऊन पाईप काढला, तर आत तपकिरी लगदा! वासावरून ओळखलं. म्हटलं, "भाऊ, चिकू धुतलेत यात?"

भाऊ म्हणाले, "पण 'डेलिकेट'वर लावले होते!"

*

रानशेतच्या लक्ष्मणदादांच्या मुलाला लग्नात मशीन मिळालं होतं. घरात नळ नाही, पाणी विहिरीवरचं. मी झाकण उघडलं, तर ड्रम काठोकाठ भाताच्या बियाण्याने भरलेला.

"उंदीर शिरत नाही," दादा म्हणाले.

"मग बिघडलंय काय?"

"झाकण नीट बसत नाही. मोटरबिटर राहू दे!"

मी झाकण बसवून दिलं. माझ्या हातचं ते एकमेव मशीन, ज्याची पुन्हा तक्रार आली नाही.

*

आता तलासरीचे नाना आणि काकी. नाना रिटायर्ड मास्तर. काकी दुपारी झोपल्या की नाना मशीनमध्ये कपडे धुवायला लावणार, हा त्यांचा नेम. मशीन जुनं, स्पिनला लागलं की अख्खं घर हलवायचं.

२०१८च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमिनीला धक्के बसायला लागले. लोक घर सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपायचे. काकींनी तर धसकाच घेतला होता.

एका दुपारी घर हललं. काकी "भूकंप! भूकंप!" करत बाहेर धावल्या. त्यांना बघून अख्खी आळी रस्त्यावर! पाच मिनिटांनी नाना ओलं बनियन घेऊन दारात आले.

"काय झालं? स्पिन चालू आहे!"

आळी हसून हसून बेजार. पण त्या दिवसापासून काकींना एक मंत्र मिळाला. काहीही हललं की म्हणायचं, "मशीन असेल," आणि कूस बदलायची.

*

नाना-काकींचा मुलगा वापीला असतो. तो सुट्टीत आला, मशीन नाचताना बघितलं आणि मला बोलावलं. "दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर मी नवीन आणतो."

मी ड्रमला तोलून धरणारे रॉड बदलले, मशीनचे पाय लेव्हल केले. भरलेला पेला वर ठेवून स्पिन लावला, थेंब सांडला नाही! मी आपला खूश.

आठवड्याने काकींचाच फोन. "सुरेश, काय करून ठेवलंस रे हे?"

गेलो. मशीन एकदम शांत. काकींचे डोळे मात्र खोल गेलेले. म्हणाल्या, "आधी हललं की मशीन म्हणायचे आणि पडून राहायचे. आता हललं की काय म्हणू?"

नानांनी मला बाजूला घेतलं. "आठ दिवस डोळ्याला डोळा नाही तिच्या. एक पाय ढिला कर."

"नाना, मशीनची वाट लागेल."

"लागू दे रे. मशीन काय, दुसरं येईल."

मी पाना काढला, एक पाय ढिला केला. चांगलं चाललेलं मशीन बिघडवून वर काकींच्या हातचा चहा पिऊन आलो! त्या चहाची मजा काही औरच होती.

*

पुढे उन्हाळ्यात एका शुक्रवारी तलासरीला काम निघालं, म्हणून नानांकडे डोकावलो. लाईट सकाळपासून गेलेली. काकी आतल्या खोलीत पुठ्ठ्याने वारा घेत पडल्या होत्या. मी आणि नाना बाहेर ओट्यावर गप्पा मारत होतो.

एवढ्यात धक्का बसला. चांगलाच. फळीवरची भांडी खणखणली, पत्रे वाजले. मी उडालोच. आत पुठ्ठ्याचा आवाज थांबला.

नाना जागेवरून हलले नाहीत. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि आत ओरडून सांगितलं, "मी मशीन लावलंय गं! झोप तू!"

आतून काकींचा आवाज आला, "बरं. माझी निळी साडी वेगळी टाका हो, रंग जातो तिचा."

आणि पुठ्ठा पुन्हा हलायला लागला.