आधी बैल, मग माणूस

आमच्या सेनगावच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांइतका माणसांचा पारखी अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि गंमत म्हणजे पारखलेल्यांपैकी बहुतेकांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. गावात नेट कॅफे नवानवा निघाला होता तेव्हाची ही गोष्ट. सरांनी इंटरनेटवर एक खेळ मांडला होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून चार ओळी लिहायच्या, की दुसरा आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देणार. सर बंजारा, तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. म्हणून खेळही तोच: मिठाचा तांडा निघणार, आणि खेळणारे सगळे त्यातले लोक. मराठी मात्र इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने बडवायची. शाळा सुटली की सर देवळात शिरावं तशी चप्पल बाहेर काढून कॅफेत बसत आणि लिहायचं ते आधी मोठ्याने बोलून बघत. त्यामुळे बाकीचं गिऱ्हाईक पळे, पण सरांना त्याचा पत्ताच नसे.

या तांड्यात शिरणं मात्र लग्न जमण्यापेक्षा अवघड. सरांचा नियम एकच, आधी बैल, मग माणूस. नाव, रूप, पराक्रम सगळं नंतर. आधी तुमचा बैल कसा आहे ते लिहा. पुण्याच्या एका इंजिनियरने पन्नास जणांना लोळवणारा राजपुत्र पाठवला. सरांनी उत्तर धाडलं, "तलवार ऱ्हाऊ द्या. बैल पाणी कवा पितो ते सांगा." लातूरच्या एकाचा बैल उडत होता. "उडून राहिला तर मीठ सांडंल," म्हणून तोही बाद. नाशिकच्या एका मुलीने मात्र लिहिलं, माझा बैल लंगडा आहे, सगळ्यांच्या मागे राहतो, म्हणून पुढच्यांचं पडलेलं सामान मलाच सापडतं. त्या दिवशी सरांनी शाळेत पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी "मुलगा की मुलगी?" विचारलं, तर सर म्हणाले, "बैल!" मी त्याच शाळेत मराठीचा मास्तर, मीही अर्ज केला होता. शिंगं, वशिंड, शेतकऱ्याचा मित्र, काही सोडलं नाही. "सर, ह्यो निबंध झाला," ते म्हणाले. "ह्या बैलाला तुमी कधी चारा टाकला न्हाई." अकरा वर्षांची दोस्ती, पण बराबर नापास केलं.

एवढं करून तांडा हलेना, कारण म्होरक्या नव्हता. सर ती जागा स्वतः घेईनात. "बाप असताना पोरानं पुढं चालावं व्हय?" त्यांना तिथे आपले वडील हवे होते. आणि वडील, म्हणजे बापू, म्हणत, "खोट्या माणसांशी काय बोलून राहिला रोज?" तीन महिने तांडा एकाच माळावर उभा. लोक कंटाळून गळू लागले. नाशिकच्या मुलीनेही, आठवड्यात निघालो नाही तर मी चालले, असं कळवलं. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

शेवटी बाजाराच्या दिवशी त्यांनी बापूंना मोटारसायकलवर बसवून कॅफेत आणलंच. एरवी बापलेक गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत बोलत; मी होतो म्हणून मराठीत आले. सरांनी सगळं वाचून दाखवलं. बापू ऐकत राहिले आणि एकदम भडकले.

"ह्या माळावर पाण्याचं नाव न्हाई. जनावरं काहून उभी केली एवढे दिस?"

जगाच्या बैलांचं पाणी विचारणाऱ्या आमच्या सरांचं तोंड एवढंसं झालं.

"तुमीच हलवा मग," ते म्हणाले. "पण नियम हाय, बापू. आधी बैल."

बापू खुर्चीत पुढे सरकले. "चांद्या," ते म्हणाले. "मी खाकरल्याबिगर पाऊल उचलत नव्हता. बाजारात इकला तवा नवा मालक वढून दमला, पण हालंना. मग मलाच खाकरावं लागलं."

सरांनी मान वर केली. "चांद्या मेला म्हणून सांगितलं व्हतं तुमी."

"तू ड्रॉइंग शिकाया नांदेडला निघाला व्हता. इकला म्हणलो असतो तर गेला असता का? लिही."

सरांचं बोट काही हलेना. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. थोड्या वेळाने बापू हळूच खाकरले, आणि सर लिहू लागले.

आता बापू नाहीत, तो कॅफेही बंद पडला. पण त्या दिवशी अंधार पडायच्या आत तांडा पाण्यावर पोचला, याचं मला अजून बरं वाटतं.