मोटार न्हाई, विमान हाय

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत प्रत्येकाचा कान दुसऱ्याच्या घराकडे असायचा. कुठं बादली खडखडली तरी शेजारची खिडकी उघडायची. आमचा बोअर संक्रांतीलाच आटला होता, पण ते खरं मानायला कोणी तयार नव्हतं.

मी कॉलेजात भूगोल शिकवायचो. सुटीत दुपारी पडदे ओढून कॉम्प्युटरवर विमान उडवायचो. लहान मुलांचा खेळ नव्हे. मोठं प्रवासी विमान, समोर आणि डोक्यावर बटणंच बटणं, सगळं हुबेहूब. त्यातली मला मोजकीच कळायची. वेग, उंची, दिशा, चाकं, ब्रेक. बाकीच्यांना हात लावायचा नाही. इंजिनं चालू असलेलं विमान धावपट्टीवर आयतं मिळायचं. तिथून उडायचं आणि माझ्या गावी, नांदेडला जाऊन उतरायचं.

एका दुपारी दार वाजलं. समोरच्या घरातले काका होते. भुसार मालाचं दुकान, कपाळावर भस्म, मूळचे उदगीरकडचे. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून सगळे पेढे वाटायच्या बेतात होते, तेव्हा "कागद दाखवा" म्हणणारे हे एकटेच.

"सर, बोअरची मोटार चालू हाय का तुमची?"

"नाही काका. पाणीच नाही तर मोटार कशाला?"

"मग हे घूं घूं कशाचं?"

मी त्यांना आत नेलं. पडद्यावर विमान धावपट्टीवर उभं होतं, स्पीकरमधून इंजिनांची घरघर येत होती. काका खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मग बोट दाखवून विचारलं, "हे बटण कशाचं?"

"माहीत नाही."

"अन् हे?"

"तेही नाही."

"हा लाल दिवा?"

"तो लागतोच अधूनमधून. काही होत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच मी खोटं बोलतोय असं वाटायला लागलं.

"बरं, बंद करा बघू," ते म्हणाले. मी दोन्ही इंजिनं बंद केली. घरघर थांबली. काकांनी खिडकीशी जाऊन कान दिला. "आता चालू करा."

इथंच मी अडकलो. थंड पडलेली इंजिनं सुरू कशी करायची, हे मी कधी शिकलोच नव्हतो. वरची दोन-चार बटणं दाबून पाहिली. काहीतरी टिंगटिंग वाजलं, विमानातले सगळे दिवे विझले.

"येत न्हाई?"

"पहिल्यापासून सुरू करावं लागेल. थोडा वेळ लागतो."

"हाव, लागू द्या की," म्हणत ते पलंगावर बसले. आमचा कॉम्प्युटर जुना, हळू. बायको दारात येऊन उभी होती. तिनं काकांना अर्धा पेला पाणी दिलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, बोअरचं की टँकरचं, आणि मगच प्याले. शेवटी घरघर सुरू झाली. काकांनी स्पीकरवर तळहात ठेवला. तरीही ते उठले, परसात गेले, दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. दोरी सगळी संपली. दगड वर आला तो कोरडा.

"न्हाई पाणी," ते बायकोला म्हणाले. मला काही म्हणाले नाहीत.

गल्लीत त्यांनी आमची बाजू घेतली, असं नंतर कानावर आलं. मला हायसं वाटलं, आणि रागही आला. माझ्या शब्दापेक्षा दगडाला किंमत!

दर शनिवारी काका माझ्या गाडीतून औशाला बाजाराला यायचे. त्या शनिवारी मी हॉर्न दिला, तर ते आलेच नाहीत. काकूच दारात आल्या. म्हणाल्या, "ते एसटीनं गेले. सर, तुम्हाला गाडीतली बटणं तरी सगळी माहीत हायत न्हवं?"