अर्विंगला पाहिलेला सामना

नेवार्क विमानतळावर आम्ही तिघं जाणार होतो, पण न्यू जर्सीतल्या एडिसनला ताईच्या घरून टॅक्सी निघाली तेव्हा तिच्यात मी एकटीच होते. भावोजींचा गुडघा त्याच सकाळी दुखायला लागला. ताईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि भरलेली बॅग परत वर नेली.

त्यांची मुलगी इरा पिस्कॅटवेच्या विद्यापीठातलं संशोधन अर्धवट सोडून टेक्सासला रग्बी खेळायला गेली. पगारी खेळाडू म्हणून. तीन वर्षांत दोघांनी तिचा एकही सामना पाहिला नव्हता. यंदा तिचा क्लब करंडकाच्या उपांत्य फेरीत पोचला होता. स्पर्धा बाद पद्धतीची. हरलं की संपलं. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं मुलींना खो-खो शिकवलेली मी हा सामना चुकवणारच नव्हते.

डॅलसला इरा घ्यायला आली होती. माझ्या मागे कोणी येतंय का, हे तिने मला मिठी मारतानाच पाहून घेतलं.

"आई-बाबा?"

"नाही येत गं. बाबांचा गुडघा..."

"इट्स फाइन, मावशी."

अर्विंगला तिच्या घरी जाईपर्यंत सपाट माळ आणि रुंद रस्ते, पायी चालणारं एकही माणूस नाही. वाटेत एका देशी दुकानात थांबून आम्ही इडल्या खाल्ल्या. सांबार गोड होतं. ताईने दिलेल्या बेसनाच्या लाडवांचा प्रवासात भुगा झाला होता. इराने तो चमच्याने खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना. मैदान लहानसं, लोखंडी बाकं उन्हाने तापलेली. शेजारी टोपीवाले एक आजोबा होते, त्यांची नात इराच्याच संघात.

"तुमची कोणती?" त्यांनी विचारलं.

"सात नंबर. माझ्या बहिणीची मुलगी."

"ती? ती तर घाबरतच नाही!"

मला केवढा अभिमान वाटला! स्क्रममध्ये (दोन्ही संघ वाकून खांद्याला खांदा भिडवून रेटतात, तो डाव) इरा सगळ्यात आधी उठायची आणि चेंडूमागे धावायची. मध्यंतराच्या जरा आधी समोरच्या दांडग्या मुलीला पाडताना तिचं डोकं त्या मुलीच्या गुडघ्यावर आपटलं. इरा क्षणभर पडून राहिली, मग उठली. डॉक्टर धावत निघाल्या होत्या, पण तिने लांबूनच अंगठा दाखवला आणि त्या परत फिरल्या.

मध्यंतराला खेळाडू आमच्या कठड्याजवळून आत जात होत्या. इरा माझ्यापाशी थांबली. डोळे माझ्यावर होते, पण नजर ठरत नव्हती.

"मावशी, आई-बाबा कुठे बसलेत?"

आदल्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं. शाळेत असं झालं असतं, तर मी त्या मुलीचा हात धरून तिला तिथेच खाली बसवलं असतं. डॉक्टर दहा पावलांवर होत्या. पण फळ्यावर इराचा संघ चार गुणांनी मागे होता आणि हरलं की संपलं.

"येतायत," मी म्हणाले. "ट्रॅफिकमध्ये अडकलेत. तू खेळ."

ती हसली. लहानपणी हसायची तशी.

उत्तरार्धात ती बेभान खेळली. शेवटच्या मिनिटाला तिघींना अंगावर घेऊन तिने चेंडू रेषेपलीकडे टेकवला. ट्राय! त्याचे पाच गुण. सामना जिंकला. आजोबांनी माझे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. सगळ्या मुली उड्या मारत होत्या. सात नंबर उठली नाही.

भावोजी त्याच संध्याकाळच्या विमानाने ताईला घेऊन आले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून ताडताड चालत आले, गुडघ्याचं नावही नाही. डॉक्टरांशी बोलून झाल्यावर माझ्याजवळ बसले.

"शोभा, पहिला मार मध्यंतराच्या आधीचा. मध्यंतराला ती तुझ्याशी बोलली म्हणालीस. तुला काही कळलं होतं?"

"हो."

"तू शिक्षिका होतीस ना?"

मला म्हणावंसं वाटलं, तुम्ही बाप आहात ना? ते उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यानंतर मी परत निघेपर्यंत ते माझ्याशी 'चहा घे' याखेरीज काही बोलले नाहीत.

अंतिम सामना इराच्या क्लबने तिच्याशिवाय खेळला आणि हरला. इरा आता एडिसनला आई-वडिलांकडे असते. उजेड सहन होत नाही म्हणून खोलीचे पडदे ओढलेले असतात. पुन्हा खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना तिला आठवत नाही.

मी नाशिकला परतले. लोक अमेरिका कशी होती विचारतात, मी रस्त्यांबद्दल सांगते. रविवारी इराचा फोन येतो.

"मावशी, तू होतीस ना तिथे? सांग ना, मी ट्राय कसा मारला?"

मी सांगते. पळाली कशी, तिघी अंगावर कशा आल्या, आजोबा कसे ओरडले, सगळं. ती आनंदाने ऐकते. भावोजींनी तिला काही सांगितलेलं नाही. मीही पूर्वार्धावरून थेट उत्तरार्धावर जाते, आणि मध्यंतराबद्दल तिने अजून विचारलेलं नाही.